बीडमध्ये पूर आला तर बोटीचं इंजिन पहिल्या दोरीत सुरू होईल का? उत्तर टाकीतल्या पेट्रोलमध्ये आहे

बीड जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो दुष्काळ, पाण्याचे टँकर आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघालेली ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं. बोट काही येत नाही.

पण सप्टेंबर २०२५ आठवा. महिन्याच्या मध्यात आष्टी तालुक्यात कडा आणि आजूबाजूच्या गावांत लोक पुरात अडकले. त्यांना बाहेर काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. पुढच्या पंधरा दिवसांत सिंदफणा, मांजरा अशा एकेक नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या. महिना संपता संपता जायकवाडीतून गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं आणि गेवराई, माजलगावकडच्या गोदाकाठच्या लोकांना घरं सोडून हलावं लागलं. बीड शहरातल्या जुन्या माणसांना तर १९८९ चा बिंदुसरेचा पूर अजून आठवतो. थोडक्यात, दुष्काळी जिल्ह्यालाही बोट लागते, आणि लागते तेव्हा फार तातडीनं लागते.

हेलिकॉप्टरचे फोटो व्हायरल होतात, कारण ते दिसतं भारी. पण ढग खाली उतरले, अंधार पडला की त्याला मर्यादा येतात. बाकी काम रबरी बोट, लाईफ जॅकेट आणि बोटीच्या मागं लावलेलं एक इंजिन यांच्यावरच चालतं. राज्यात एनडीआरएफची बटालियन आहे पुणे जिल्ह्यात सुदुंबरेला. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. तिथून बीडला यायचं तर काही तास जाणार, आणि वाटेतला पूल पाण्याखाली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे पहिले काही तास भरवसा कुणावर? जिल्हा प्रशासन, नगरपालिकेचं अग्निशमन दल, तहसील यांच्याकडे जवळपास जी बोट असेल तिच्यावर.

आता खरा प्रश्न. ती बोट वर्षातले किती दिवस पाण्यात असते? बीडसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यातले थोडे दिवस, एखादं मॉक ड्रिल, बस. बाकी दहा-अकरा महिने इंजिन गोदामात उभं असतं. आणि उभ्या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू गंज नाही. टाकीत, नळीत आणि कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल हा त्याचा शत्रू.

ई-२० चा वाद गाड्यांवरच अडकला

गेल्या वर्षी सोशल मीडियावर ई-२० वरून केवढा दंगा झाला ते तुम्ही पाहिलंच असेल. ई-२० म्हणजे ज्यात २० टक्के इथेनॉल मिसळलंय असं पेट्रोल. याची सुरुवात फार जुनी आहे, आणि त्यात महाराष्ट्र पहिल्यापासून आहे. २००१ साली देशात इथेनॉल मिसळायचे जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यातली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड होती. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. मग बराच काळ गाडी रखडली. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० हे साल ठरलं होतं, ते नंतर अलीकडे ओढलं. २०२२ च्या जूनमध्ये देश १० टक्क्यांवर पोचला, ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूमध्ये ई-२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये देशभरातल्या पंपांवर हेच पेट्रोल सर्रास झालं.

मग लोक चिडले. मायलेज घटलं, जुन्या गाड्यांचे रबरी भाग खराब होतील, आम्हाला पर्याय का नाही, वगैरे. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर दिलं. १० टक्क्यांसाठी बनलेल्या पण २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत मायलेज १ ते २ टक्के घटतं, बाकीच्यांत ३ ते ६ टक्के. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते काम स्वस्तातलं आहे. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय द्या अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा फायदा हा मुद्दा सरकारच्या बाजूनं तिथंही मांडला गेला.

बीडसाठी हा मुद्दा पोकळ नाही. इथली लाखो माणसं उसाच्या हंगामावर जगतात. इथेनॉलला भाव मिळाला तर कारखाना तगतो, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. त्यामुळे ई-२० वाईटच, असं म्हणत सुटण्यात अर्थ नाही.

पण या सगळ्या भांडणात मोजमाप एकच होतं, किलोमीटर. जी गाडी रोज चालते, जिची टाकी आठवड्याला रिकामी होऊन पुन्हा भरते, तिचाच विचार झाला. जे इंजिन किलोमीटर मोजतच नाही, महिनोन् महिने झोपलेलं असतं आणि एके रात्री अडीच वाजता दोरी ओढली की सुरू व्हावं अशी अपेक्षा असते, त्याच्याबद्दल कुणी बोललंच नाही.

बोटीच्या इंजिनांचे उत्पादक मात्र याबाबत बरेच स्पष्ट आहेत. यामाहा, मर्क्युरी, सुझुकी या मोठ्या कंपन्यांची आउटबोर्ड इंजिनांची मॅन्युअल्स सर्वसाधारणपणे इथेनॉलची मर्यादा १० टक्के सांगतात. अमेरिकेत तर १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल २००१ नंतरच्या गाड्यांत चालतं, पण बोटीत ते भरायला कायद्यानं बंदी आहे, आणि पंपावर तसं लेबल चिकटवलेलं असतं. आपल्याकडे पंपावर बोटीचा विषयच नाही, कारण पंपवाल्याकडे बोट घेऊन येतो कोण?

टाकीत नक्की होतं काय?

आधी हे इंजिन कसं असतं ते बघू. मोटारसायकलमध्ये टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरतं. आउटबोर्डमध्ये उलटं. टाकी बोटीच्या तळाशी वेगळी ठेवलेली असते, बहुतेक २४-२५ लिटरची. तिथून रबरी नळी निघते, नळीच्या मध्ये हातानं दाबायचा एक फुगा असतो, त्याला प्रायमर बल्ब म्हणतात. तो दाबून पेट्रोल वर चढवायचं. मग फिल्टर, मग छोटा पंप आणि शेवटी कार्बोरेटर. पंपाला वीज लागत नाही, इंजिनाच्या आतल्या दाबाच्या झटक्यांवर त्यातला पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल खेचतो. साधी यंत्रणा आहे. पण इतके सांधे म्हणजे हवा शिरायला आणि कचरा अडकायला तितक्याच जागा.

आता इथेनॉल. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे शाळेत शिकलेलं असतं. इथेनॉल मात्र दोघांशीही दोस्ती ठेवतं. थोडं पाणी आलं तर इथेनॉल ते पोटात घेतं, वरून काही कळतसुद्धा नाही. पण या दोस्तीला हद्द आहे. १० टक्क्यांच्या मिश्रणात साधारण एका लिटरला चमचाभर पाणी मावतं. २० टक्क्यांत त्याहून थोडं जास्त. हद्द ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाशी जाऊन बसतं. टाकीत दोन थर होतात. वर इथेनॉल गेलेलं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल आणि खाली पाणी-इथेनॉलचं मिश्रण. टाकीतली नळी पेट्रोल खेचते कुठून? तळातून. म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या खालच्या थराचाच मिळतो.

ही हद्द तापमानावरही ठरते. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पेट्रोलमध्ये जास्त पाणी विरघळून राहतं. जूनमध्ये पाऊस पडला, हवा थंड झाली की तेच पाणी बाहेर पडू शकतं. म्हणजे बिघाडाचा मुहूर्त नेमका बोट लागायच्या वेळेला.

इथं व्हॉट्सॲपवरची एक गोष्ट मात्र दुरुस्त करायला हवी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आठवड्याभरात टाकीत डबकं साचतं, असे मेसेज फिरतात. तसं होत नाही. घट्ट बंद डब्यात हवेतून शिरणारी वाफ फारच थोडी असते. बोटीच्या टाकीत पाणी येतं ते सरळ मार्गानं. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला आणि वर पाऊस पडला, धुतलेला कॅन न सुकवता वापरला, अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरलं, किंवा पुरात पेट्रोल भरतानाच पाणी उडालं. कारण कळलं की उपायही आपोआप सोपा होतो.

पाण्याशिवाय दुसरं दुखणं म्हणजे शिळं पेट्रोल. महिन्या-दोन महिन्यांत पेट्रोलमधला पटकन पेट घेणारा हलका भाग उडायला लागतो. उरलेलं हळूहळू चिकट होतं. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या चार थेंबांची तर पिवळसर लाखच बनते. ज्या जेटमधून पेट्रोल जातं त्याचं भोक एक मिलीमीटरहून बारीक असतं. ते बुजायला कितीसा वेळ लागणार? त्यात इथेनॉल जुनी साचलेली घाण सुटी करून पुढं ढकलतं, जुन्या नळ्यांचं आतलं अस्तर फुगवतं, आणि सोबत पाणी असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

सगळ्यात घातक प्रकार टू-स्ट्रोक इंजिनात होतो. बचावकार्यात अजून ही इंजिनं भरपूर वापरली जातात, कारण हलकी असतात आणि दोन माणसं उचलून बोटीला लावू शकतात. यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये प्रमाण ५० ला १, म्हणजे २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. टाकीत थर वेगळे झाले तर ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. खालच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ऑइल जवळपास नसतंच. ते पाणी इंजिनात गेलं तर एक तर इंजिन बंद पडेल, आणि नशीब वाईट असेल तर थोडा वेळ चालून पिस्टन जाम होईल. पहिली गोष्ट काठावर होते, दुसरी मधल्या धारेत.

दोरी ओढून हात दुखले, आता काय बघायचं?

इंजिन सुरू होत नाही म्हटलं की पहिला हात जातो प्लगकडे आणि दुसरा कार्बोरेटर खोलायला. थांबा. आउटबोर्डचे कितीतरी रुसवे पान्याला हात न लावता निघतात.

सगळ्यात आधी किल स्विचची दोरी. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती असते. तिची क्लिप जागेवर नसेल तर तुम्ही दिवसभर दोरी ओढली तरी काही होणार नाही. हा बिघाडच नाही, पण घाईत हमखास होतो.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद असेल तर पेट्रोल निघालं तितकी हवा आत येत नाही. इंजिन छान सुरू होतं, पाच-दहा मिनिटं चालतं आणि मरतं. थोडं थांबलं की परत सुरू होतं. अशा वेळी नळीतला फुगा चपटा झालेला दिसतो. तसा दिसला तर खोट टाकीच्या बाजूला आहे, पुढचं काही उघडू नका. स्क्रू बघा, टाकीतली जाळी बघा, नळी कुठं दुमडली आहे का बघा.

त्यानंतर फुगा हातात घ्या. त्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. बाण चढाला धरून दाबत राहिलं की चार-सहा दाबांत तो टणक व्हायला हवा. झालाच नाही तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधला वीस-तीस रुपयांचा ओ-रिंग. टणक झाला, तरी इंजिनाला पेट्रोल मिळत नसेल, तर अडथळा पुढं आहे, फिल्टर किंवा कार्बोरेटरच्या वाटीत अडकलेली सुई. आणि इंजिन मरायला लागल्यावर फुगा दाबला की परत जीव धरत असेल, तर पंपातला पडदा थकलाय. हे लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण पडदा बदलायला किट लागतं, पण तोपर्यंत दुसऱ्या माणसानं फुगा दाबत बसायचं आणि बोट काठाला आणायची, हा जुगाड चालतो.

फक्त चोक ओढल्यावरच चालतं? मग पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेटमध्ये कचरा. उलट पेट्रोलचा वास येतोय, प्लग ओला आहे, तर मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘ओव्हर’ झालंय. उन्हात ठेवलेली टाकी तापली, हवेचा स्क्रू बंद होता आणि नळी जोडलेलीच होती, तर टाकीतला दाब पेट्रोल आपोआप आत ढकलतो. चोक बंद करा, प्लग काढून पुसा, किल स्विचची क्लिप काढूनच पाच-सात वेळा दोरी ओढा, जरा वेळ जाऊ द्या. प्लग काढलेला असताना जवळपास ठिणगी, विडी, काही नको.

पण हे सगळं करण्याआधी एक पैशाचाही खर्च नसलेली तपासणी आहे. पाण्याची पारदर्शक काचेची बाटली घ्या, सुकी. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल तिच्यात काढा आणि दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला, पाण्याचे गोळे फिरताना दिसले, पेट्रोल गढूळ दिसलं किंवा त्याला वार्निशसारखा कुबट वास आला, तर पुढची सगळी मेहनत वाया आहे. ते पेट्रोल टाकीतून काढायचं. हलवून ते पुन्हा एकजीव होत नाही. कुठलं औषध टाकूनही होत नाही. बाजारात मिळणारं स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलला शिळं होण्यापासून थोपवतं, फाटलेल्या पेट्रोलला जोडत नाही. दुधाचं जसं, तसंच.

टाकी रिकामी केली, तरी नळीत आणि वाटीत जुना माल असतोच. वाटीच्या बुडाशी एक स्क्रू असतो, तो सैल करून सगळं भांड्यात काढून घ्यायचं. आधी पाणी येईल, मग गढूळ पेट्रोल, मग स्वच्छ. बऱ्याचदा इथंच काम होतं. नाहीच झालं तर कार्बोरेटर उतरवावा लागतो. ते काम मोटारसायकलच्या चांगल्या मेकॅनिकला जमतं, माजलगाव-गेवराईत असे हात कमी नाहीत. फक्त एक सवय तिथं घेऊन यायची नाही, जेटमध्ये तार घालायची. तारेनं भोक मोठं होतं, इंजिन जास्त पेट्रोल प्यायला लागतं आणि कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर मारायचा, हवेनं फुंकायचं.

आणि मोटारसायकलचं 2टी ऑइल बोटीत ओतायचं नाही. पाण्यावरच्या इंजिनांसाठी टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचं वेगळं ऑइल येतं. दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघायचं तर ते पाण्याच्या पिंपात पाय बुडवूनच. कोरडं चालवलं तर थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक काही क्षणांत जळतं. चालू इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती नसेल तर बंद करा. पुरात ही धार पऱ्हाटी, पाचट, प्लॅस्टिकची पिशवी अडकूनही थांबते, त्याचा पेट्रोलशी संबंध नसतो.

मग यावर उपाय काय?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका होतात, साहित्याच्या याद्या निघतात. बोटी इतक्या, लाईफ जॅकेट इतकी, दोर इतके. अशा यादीत बोटीसमोर ‘सुस्थितीत’ एवढा शब्द पुरत नाही. इंजिन शेवटचं कधी चालवलं आणि टाकीतलं पेट्रोल कोणत्या तारखेचं आहे, हे दोन रकाने त्यात हवेत. बातमीदारांनीही दरवर्षी ‘प्रशासन सज्ज’ छापण्याआधी हे दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

मॉक ड्रिलमध्येही एक फट राहू शकते. ड्रिलच्या सकाळी ताजं पेट्रोल आणून भरलं तर इंजिन सुरू होणारच. त्यातून इंजिन तपासलं गेलं, साठवलेलं पेट्रोल नाही. खरी परीक्षा घ्यायची तर कुणाला न सांगता, गोदामात जे पेट्रोल आहे त्याच्यावर इंजिन सुरू करून बघायला हवं.

बरं, पेट्रोल साठवूच नये का? साठवावं तर लागणारच. पुरात वीज गेली की पंप बंद, रस्ता गेला की पंपापर्यंत पोचता येत नाही. आणि ही इंजिनं पेट्रोल पितात किती? ढोबळ हिशेबात ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला १५ लिटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे २५ लिटरची टाकी दीड तासाची. गोदाकाठच्या एका गावाला दोन फेऱ्या मारल्या की नवं पेट्रोल हवं.

दर महिन्याला जुनं ओतून द्यायचं म्हटलं तर कुठलंही सरकारी कार्यालय नकोच म्हणणार. लिटरचा दर शंभरीपार, म्हणजे एका टाकीला अडीच हजारांच्या वर, आणि वर लेखापरीक्षणात उत्तर द्यायचं वेगळं. पण ओतून देण्याची गरजच नाही. टू-स्ट्रोकसाठीचं पेट्रोल आणि ऑइल आधीच मिसळून ठेवायचं नाही, वेगवेगळं ठेवायचं. कॅनवर तारीख लिहायची. महिना झाला की ते साधं पेट्रोल कार्यालयाच्या पेट्रोल गाडीत किंवा मोटारसायकलीत टाकायचं आणि कॅन ताजा भरायचा. ऑइल गरजेच्या वेळी मिसळायचं, त्यासाठी मापाचा डबा कॅनलाच बांधून ठेवायचा. घाईत नुसतंच पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होईल, म्हणून कॅनवर मोठ्या अक्षरात ‘ऑइल घातलेलं नाही’ असंही लिहायचं. कॅन धातूचा, घट्ट झाकणाचा आणि काठोकाठ नाही पण बराचसा भरलेला. जास्त साठा करायचा तर पेट्रोलियम कायद्याचे नियम बघावे लागतील, विनापरवाना मर्यादा ३० लिटरची आहे. इंजिनं जास्त असतील तर जवळच्या पंपचालकाशी मे महिन्यातच लेखी बोलणी करून ठेवलेली बरी. पुराच्या रात्री कॅनमध्ये सुटं पेट्रोल द्यायला पंपावरचा पोरगा कुणाचं ऐकणार?

पर्यायी इंधनाचा मुद्दाही आहे. केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची कितीतरी आउटबोर्ड इंजिनं रॉकेलवर चालतात. पेट्रोलवर सुरू करायची आणि मग रॉकेलवर न्यायची. त्यात इथेनॉलची भानगड नाही. पण त्यासाठी इंजिनच त्या प्रकारचं लागतं, पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल ओतायचा प्रयोग करू नये. बचावाच्या बोटींसाठी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची वेगळी सोय करता येईल का, हा प्रश्न तेल कंपन्यांना विचारण्याजोगा आहे. सगळ्या राज्यातल्या बचावबोटींना मिळून लागणारं पेट्रोल गाड्यांच्या खपापुढं इतकं किरकोळ आहे की त्यानं ऊसवाल्या शेतकऱ्याचा एक रुपयाही बुडणार नाही.

ती सोय होईल तेव्हा होईल. जुनी इंजिनं असतील तिथं नळ्या आणि पंपाचे पडदे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घेता येतात, टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावता येतो. त्याच्या बुडाशी साचलेलं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून चालवणाऱ्याला वेळेत कळतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पिंपात दहा मिनिटं इंजिन चालवायचं. बंद करताना चावी किंवा बटण दाबायचं नाही, टाकीची नळी काढून घ्यायची आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्यायचं. वाटी कोरडी राहिली की लाख धरायला काही उरत नाही. आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला, बोटी धुऊन गोदामात चालल्या, की त्याच दिवशी टाकी, नळी, फुगा आणि फिल्टर रिकामे करून इंजिन उभं टांगायचं. तोवर ऊसतोडीच्या गाड्या निघालेल्या असतात आणि बोटीची आठवण कुणालाच राहिलेली नसते, म्हणून हे काम कुणाच्या तरी नावावर, तारखेसह, मे महिन्याच्या त्याच यादीत लिहिलेलं असावं.